हरवलेल्या बापाच्या सिनेमाचा शेवट

अहो,

पत्र आलं म्हणून तिकडे वर खूश होऊन बसू नका. आठवणीने जीव कासावीस झाला म्हणून लिहीत नाहीये. तुमचं खोटं पकडलंय, म्हणून लिहितेय.

परवा कल्याणच्या टॉकीत तो हरवलेल्या बापाचा सिनेमा परत लागला. मी तो बघितला. काल पुन्हा बघितला. तुम्ही सांगितलेला शेवट वेगळा आणि पडद्यावरचा वेगळा. आता हे विचारायचं कोणाला? तुम्ही मार्गशीर्षात हात झटकून मोकळे झालात. दिनूला सांगावं तर म्हणतो, आई, सिनेमाच तो, त्यात काय एवढं. म्हणून सुनेकडून, शालूकडून, पेन्सिल मागून घेतली. दुसरी इयत्ता शिकलेली बाई आहे मी, अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाचा. तुम्हाला आता दुसरं काम काय आहे?

आठवतं ना, आपल्या डोंबिवलीच्या चाळीत सिनेमाला नाव नसायचंच. विहिरीचा सिनेमा, दोन जावांचा सिनेमा, हरवलेल्या बापाचा सिनेमा. नाव लागतं ते तिकीट काढणाऱ्याला. आम्ही बायका कुठे तिकीट काढत होतो? आमच्या वतीने आधी तुम्ही बघून यायचात. एक शनिवार सोडून एक शनिवार सकाळची ड्युटी संपली की रेल्वेच्या केबिनमधून परस्पर टॉकीत, आणि रविवारी दुपारी ओट्यावर. आम्ही रेशनचे तांदूळ निवडत बसायचो आणि तुम्ही सांगायचात. कोण काय बोललं ते शब्दाला शब्द. बाई रडली तर कशी रडली, कडी वाजली तर कशी वाजली. मग निकाल. "बघण्यासारखा आहे" म्हणालात की सहा-सात जणी बायकांच्या खेळाला निघायच्या. "शेवट घाण आहे" म्हणालात की विषय संपला. सहा दिवस सिग्नलच्या केबिनमध्ये दांडे ओढणारा माणूस, रविवारी जज्जसाहेब.

समोरच्या सिंधूताई तेवढ्या तुमचा निकाल मानायच्या नाहीत. पण त्यांना गोष्ट विचारण्यात अर्थ नव्हता. नायिकेने पाच लुगडी बदलली, सासू मेली त्या दिवशीसुद्धा इस्त्रीचं नेसली होती, हे त्या सांगणार. सासू कशाने मेली विचारलं की म्हणायच्या, काहीतरी बोलले खरं मध्ये, माझं लक्ष नव्हतं.

तर त्या सिंधूताईंनीच पहिली ठिणगी टाकली. दोन जावांच्या सिनेमात दिराने धाकटीच्या थोबाडीत मारली, असं तुम्ही ओट्यावर सांगितलंत. सिंधूताई म्हणाल्या, अहो काका, तिने त्याच्या मारली. सगळा सिनेमा त्यावर तर आहे. ओटा हसला. तुम्ही म्हणालात, सिंधूताई, तुम्ही काठ बघत होतात, हात कुठला दिसतोय तुम्हाला? ओटा परत हसला. मी हसले नाही. तुमचे कान लाल झाले होते. पस्तीस वर्षं संसार केलाय, तुमचे कान केव्हा लाल होतात ते मला शिकवू नका.

तेव्हापासून मी बघायला लागले. सिनेमा बघून आलेल्या माणसाला कोणी कोणाच्या थोबाडीत मारली ते कळत नाही, म्हणजे काय? म्हणजे हा माणूस तिथे बसत नाही. कोणाकडून तरी गोष्ट ऐकतो आणि आपल्याला सांगतो. मग ते तीन तास हा असतो कुठे?

सदरा धुवायला घेतला की खिसे चाचपायचे. तिकिटाचा अर्धा तुकडा असायचा. म्हणजे आत गेलेले खरे. पण तुकड्याचा रंग बदलत चालला होता. आधी मागच्या खुर्चीचा, मग मधल्या बाकाचा, मग अगदी पडद्यापुढच्या बाकाचा. नाच आला की शिट्ट्या घालणारी पोरं बसतात ना, तिथला. सिंधूताईंनी तुम्हाला तिथे बघितलंही, आणि नळावर सगळ्यांदेखत मला विचारलं, काकांना हल्ली लांबून नाच दिसत नाही का हो? मी हंडा भरला आणि म्हटलं, तुम्हाला लांबून काका बरे दिसले. घरी आले आणि मग मला राग आला.

त्यात तुमच्या रुमालाला गुलाबपाण्याचा वास. एकदा नाही, दर वेळी. त्यात महिन्यातून दोनदा ठाण्याला कोपरीत फेरी. त्यात तुम्ही अचानक गोड झालात. भातात खडा दिसला की ताट सरकवणारा माणूस, तो मुकाट्याने खडे चावायला लागला. आमटीत केस आला तरी बोलेना. मी म्हटलं, बाई गं, पुरुष उगाच असा सुधारत नाही. बाहेर काहीतरी केलेलं असतं, म्हणून घरात गरीब होतो.

मला सांगा, या सगळ्याचा दुसरा काय अर्थ लावायचा होता मी?

शेवटी एकदा जेवताना विचारलं. "कोपरीत कोण राहतं?"

"वैद्य राहतात."

"कसले?"

"पोटाचे."

"पोटाला गुलाबपाणी देतात?"

तुम्ही भात कालवत राहिलात. कान लाल. बास, माझं मी समजले. त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं. जेवायला वाढलंय, पाणी तापलंय, एवढंच. आठ महिने. रविवारी तुम्ही ओट्यावर सुरू केलंत की मी आत खलबत्ता घेऊन बसायची, कुटायला काही नसलं तर सुंठच. तुमचा आवाज मला ऐकू येऊ नये म्हणून. मग बाहेरच्यांनाही येईना, आणि तुमची ती रविवारची कचेरी मोडली. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की हे काय चाललंय. म्हटलं असतंत तर? मी भांडले असते. पण भांडण म्हणजे बोलणंच की हो.

मग तो ताप. चार दिवस. शेवटच्या दुपारी तुम्ही माझ्याकडे टक लावून बघत होतात. म्हणजे मला वाटलं, बघत होतात. मी म्हटलं, आता काय बघताय? तेवढं मी बोलायला नको होतं.

आता परवाचं सांगते. शालूने हट्टच धरला, आई, पाच महिने उंबऱ्याबाहेर गेला नाहीत, चला बायकांच्या खेळाला. वर्षश्राद्ध व्हायचंय आणि म्हातारी टॉकीत निघाली, हे सिंधूताई तोंडाने बोलल्या नाहीत, पण खिडकी दोनदा उघडून बंद केली. मी गेले ती करमणुकीला नाही. हरवलेल्या बापाचा आहे कळलं म्हणून गेले. त्याच सिनेमावरून आपली दीड वर्षापूर्वी जुंपली होती. तुम्ही म्हणाला होतात, बाप शेवटपर्यंत येतच नाही. आई दाराशी म्हणते, आता वाट बघायची नाही. मग नुसती सारंगी वाजते आणि संपलं. मी म्हटलं होतं, असा सिनेमा कोण काढेल? ज्याची तीन तास वाट बघायची तो यायला नको? तुम्ही म्हणालात, काढलाय तर खरा. शेवट घाण आहे. त्या निकालामुळे चाळीतलं कोणी गेलं नाही, सिंधूताई तेव्हा माहेरी, म्हणून तुमचं खोटं टिकलं.

मी बसले, आणि जसजसा सिनेमा पुढे सरकला तसा माझा संशय ढासळायला लागला. सगळं तुम्ही सांगितल्यासारखंच. सावकाराचं ते खोकून बोलणं. पोरीचं "आई, चूल विझली" म्हणणं. पुढचं वाक्य मला आधी पाठ, शालू वळून वळून बघायला लागली. मध्यंतरानंतरचंही तसंच. म्हणजे तुम्ही उठून कुठे गेला नव्हतात. आई दाराशी आली, म्हणाली, आता वाट बघायची नाही. सारंगी सुरू झाली.

आणि बाप आला, हो. आला! टॉकीतल्या सगळ्या बायका हुंदके देत होत्या. मी कोरडी. मी म्हटलं, एवढा ढळढळीत बाप येतो, आणि पुढच्या बाकावर बसलेल्या माणसाला दिसत नाही?

रात्र अशीच गेली. काल शालूला न सांगता एकटीच परत गेले. आई दाराशी आली तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले. आता वाट बघायची नाही, म्हणाली. मग सारंगी. मग आणखी सारंगी. मग दिवे लागले आणि बायका उठल्या. बाप आला नाही. तुम्ही सांगितलात तोच शेवट, तंतोतंत.

दोन जावांची थोबाडीतही मग कळली. आवाज एकच येतो. कोणाचा हात नि कोणाचा गाल, ते बघावंच लागतं.

आज सकाळी तुमच्या केबिनमधल्या भोईरला बोलावून घेतलं. आला खडवलीहून, भाजीची जुडी घेऊन, दारातच खाली मान. मी म्हटलं, भोईर, यांना दिसत नव्हतं, होय ना? तो म्हणाला, "काकू, मना सगला माहीत होता. पन काकांनी शपथ घातलेली."

दोन वर्षं. लांबचं सगळं धुक्यासारखं, आणि ताटातला खडाही दिसेना. बत्ती लाल की हिरवी ते भोईर बघायचा आणि तुम्ही दांडा ओढायचात. चैत्रात डोळ्यांची तपासणी येणार होती. त्यात नापास झालात तर केबिनमधून काढून पाणी भरायला लावतील, ही भीती. आणि सिनेमाला जायचात ते सिनेमासाठी नाहीच. सुरुवातीला पडद्यावर नावं येतात ना, ती कुठल्या बाकावरून वाचता येतात ते अजमावायला. वाचता येईनात, की पुढच्या वेळी एक बाक पुढे. कोपरीचे वैद्य डोळ्यांचे, आणि गुलाबपाणी डोळ्यांत घालायचं. हे भोईर म्हणतो.

मी त्याला विचारलं, शपथ कसली घातली? साहेबाला सांगू नको म्हणून?

तो म्हणाला, साहेबाला नाही, काकूला सांगू नको म्हणून. "काका बोललं, ती गप बसाची नाय. पस्तीस सालं ओलखतो तिला. उद्याच्याला सायबाच्या टेबलापुढं उभी राहील."

असं का? मग ऐका. बरोबर ओळखलंत. राहिले असते उभी. आजही राहीन. त्या गाड्यांत लोकांची पोरंबाळं बसतात, आणि भोईर एखाद दिवशी शिंकला असता तर? काही झालं नाही हे लोकांचं नशीब, तुमची हुशारी नाही. पाणी भरलं असतंत तर काय हात झडले असते? मी नाही भरलं नळावर रांगेत जन्मभर? यात मी तुमची बाजू घेणार नाही, मेलात म्हणूनही नाही.

पण एक सांगा. मी साहेबाकडे जाईन हे तुम्हाला कळलं, आणि त्यानंतर संध्याकाळी तुमचा हात धरून स्टेशनावरून घरी आणीन, हे नाही कळलं? बाई ठेवली असेल, असं मनात धरून मी आठ महिने सुंठ कुटली, ते तुम्ही ऐकलंत आणि कुटू दिलंत. आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा बाहेरख्याली म्हणवलेलं परवडलं? आणि मी तरी काय दिवे लावले! खिसे तपासले, रुमाल हुंगला, तिकिटाचे रंग मोजले. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत तेवढं वाकून बघितलं नाही.

तुमचा निकाल मी चाळीत फिरवला आहे. शेवट घाण नाही. सिंधूताईंना सांगितलं, जा, बघण्यासारखा आहे. त्यांनी विचारलं, लुगडी कशी आहेत?

आता नीट ऐका, तुमच्यासाठी सांगते. आई म्हणते, आता वाट बघायची नाही, आणि पाठ फिरवून आत जाते. सारंगी वाजते तेव्हा पायवाट दिसते. लांबून एक माणूस येतोय. दाढी वाढलेली, एक पाय ओढतोय, हातात गाठोडं. अंगणात येतो आणि थांबतो. हाक मारत नाही. त्याला वाटतं, आपल्याला घरात घेतील की नाही. खाली बसतो आणि अंगणातला पोरीचा भोवरा उचलून सदऱ्याला पुसतो. ती आतून परत येते, दार लावायला. बघते. तीही बोलत नाही. दार लावत नाही. आत जाते, पाट मांडते, एक ताट होतं तिथे दुसरं मांडते. तो अजून बाहेरच. ती ताटापाशी बसते आणि भाताला हात लावत नाही. मग तो उठतो. त्याची सावली आधी उंबऱ्यावर पडते. तिथे संपतं. इतका वेळ कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून तुमचा हुकला. तुमचा दोष नाही, काढणाऱ्याने एक हाक तरी घालायची.

सोमवारी मी शालूला घेऊन कोपरीला जाणार आहे. भोईर दोन वर्षं तुमच्यासाठी खोटं बोलला, तो तुम्ही मेल्यावरही बोलणार नाही कशावरून? वैद्य आहेत का, ते डोळ्यांचेच आहेत का, आणि त्यांच्या घरात आणखी कोण आहे, हे मी बघून येणार. नसले, तर माझ्याशी गाठ आहे, आज ना उद्या यायचंच आहे मला तिकडे.

पण एक वचन देते, आणि ते वैद्यांवर अवलंबून नाही. यापुढे जो सिनेमा बघेन त्यातलं बोलणं तुम्हाला सांगणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं ऐकू येतं. न बोलता जे होतं, तेवढं सांगत जाईन. बोलणं मी एकदा टाकलं होतं. पुन्हा टाकणार नाही.

दिनूची आई