बांधापलीकडचा करपा

३ जून

दुकानदाराच्या टाळक्यात तीच औषधाची बाटली हाणावी असं वाटलं आज. तिसरी फवारणी. तिसरी! मक्याच्या पानांवरच्या रेघा जागच्या हलल्या नाहीत, उलट खालच्या पानांवरून वरच्या पानांवर चढल्या. पान नेऊन त्याच्या काउंटरवर आपटलं. त्याने चष्मासुद्धा लावला नाही. "करपाच आहे ताई. औषध बदलून बघू." बदलून बघू म्हणे! माझं रान म्हणजे याची प्रयोगाची वही.

रेघा अजून कडेच्या ओळींतच आहेत. मधल्या बारा ओळी स्वच्छ. त्या बारा ओळी म्हणजे माझी आठ वर्षं. दर हंगामाला वाऱ्यात न झोपणारी, टोकापर्यंत दाणे भरणारी मक्याची ताटं निवडली आणि त्यांचंच बी पुढे लावलं. या वेळी पहिल्यांदाच आमच्या बियाणे गटातल्या तेवीस घरांना ते बी जायचंय. आणि गटाचा नियम मीच लिहिलेला — रोगट ओळीतला एक दाणाही कोणाला द्यायचा नाही.

५ जून

पिकांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत फोन लागला. सात वेळा लावल्यावर. पलीकडे एक बाई, आवाजावरून फार तर पंचविशीची. मी तावातावाने तिन्ही औषधांची नावं सांगितली. ती म्हणाली, "एक पान तोडा आणि उजेडासमोर धरा. रेघांच्या कडा कशा दिसतात?"

धरलं. इतके दिवस खाली मान घालून पानं बघत होते, उजेडासमोर एकदाही धरलं नव्हतं! रेघा पिवळ्याधमक, आरपार दिसणाऱ्या. कडा लाटेसारख्या वेड्यावाकड्या.

"बुरशीच्या करप्याच्या कडा सरळ असतात, पट्टीने आखल्यासारख्या," ती म्हणाली. "आणि त्यातून उजेड येत नाही. तुमचा बहुतेक जिवाणूंचा रोग आहे. त्याला औषध नाही."

मी विचारलं, "म्हणजे कुठलंच?"

"कुठलंच नाही. नमुना पाठवा. दहा दिवसांत अहवाल देतो."

६ जून

तिने सांगितलं तसं केलं. रेघेच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात सोडला. पाच मिनिटांत कापलेल्या कडेतून दुधाळ धार निघाली, धुरासारखी, खाली खाली. ते सगळे जिवाणू. मग त्यात उकळतं पाणी ओतलं. तेवढंच समाधान.

७ जून

दुकानदाराला सांगून आले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! तीन वेळा बुरशीचं औषध मारायला लावलंस, आणि रोग बुरशीचा नाहीच. तर हा शांतपणे म्हणतो, "पण फवारल्याने तोटा तर काही झाला नाही ना?"

पाण्याचे फवारे बंद केले. वरून पाणी पडलं की रोग या पानावरून त्या पानावर उडतो. आता सरीने पाणी. फावडं घेऊन आठ तास. पानं ओली असताना रानात पाऊल टाकायचं नाही, कडेच्या ओळींतून आलं की कोयता, बूट, हात सगळं धुवायचं. कंबर धरली आहे. बोलायला घरात कोणी नाही, म्हणून या वहीवर फणफणते.

९ जून

रोग आला कुठून हे कळलं! बाई म्हणाली, मागच्या वर्षीच्या मक्याची वाळलेली धाटं जमिनीवर पडून राहिली की हा त्यात टिकून राहतो. पाऊस-वाऱ्याने नव्या पिकावर येतो.

बांधापलीकडे दादाचं रान. चौदा गाईंच्या चाऱ्यासाठी हा माणूस चार वर्षं मक्यावर मका लावतोय. आज बांधावर उभी राहून नीट पाहिलं. त्याच्याही पानांवर रेघा. भरपूर! माझ्या कडेच्या ओळी त्याच्याच बाजूच्या. याहून आणखी काय पुरावा हवा?

पलीकडे गेले नाही. तीन वर्षं मी बांध ओलांडलेला नाही आणि त्यानेही नाही. बांधावरचं झाड न विचारता पाडलं त्याने. विचारलं असतं तर मीच हो म्हणाले असते. त्या दिवसापासून बोलणं बंद. सख्खा भाऊ, तीस पावलांवर घर, आणि निरोप वहिनीकरवी.

१० जून

नमुन्याचं पार्सल बांधत होते तर वहिनी बांधावर. हातात दोऱ्याने बांधलेलं कागदी पाकीट. "वन्सं, आमचीही चार पानं आहेत यात. तुमच्याबरोबर पाठवाल?"

"पाठवते की," मी म्हटलं. "कळू दे एकदाचं सगळ्यांना."

तिचा चेहरा पडला. पडू दे. पाकीट उघडलंसुद्धा नाही, तसंच पार्सलात टाकलं. त्याच्या रोगट पानांना हात कोण लावणार?

१२ जून

हवामानवाले सांगतायत, पंधरा तारखेला वादळी पाऊस. वाऱ्याबरोबर पाऊस म्हणजे या रोगाला घोडागाडीच. पलीकडचं सगळं रान माझ्या बारा ओळींवर येऊन आदळणार. गटाच्या अध्यक्षांना फोन केला, उद्या बैठक हवी. आम्ही त्यांना पाठीमागे सबुरी म्हणतो. ते म्हणाले, "जरा सबुरीने घेऊ या का?" मी म्हटलं, वादळाला सांगा सबुरी.

१३ जून

बैठक झाली.

शाळेच्या वर्गात बसलो होतो, छोट्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून. मी उभी राहून सगळं सांगितलं. उजेडासमोर पान कसं धरायचं, पेल्यातली धार, धाटं, वारा. सगळे ऐकत होते. मग म्हटलं, परवाच्या आत दादाचा मका जमिनीत गाडला पाहिजे. उभाच्या उभा नांगरून.

दादा मागच्या बाकावर. माझ्याकडे न बघता अध्यक्षांना म्हणाला, "अहवाल वीस तारखेला येतोय. तेवढं थांबू या. चौदा जनावरं आहेत. हा चारा गेला तर मी त्यांना काय घालू?"

मी म्हटलं, "वीस तारखेला अहवाल वाचायला माझं बी उरेल का? वरातीमागून घोडं!"

वहिनी पुटपुटली, "आपलं ठेवायचं झाकून..." मी ऐकलं. तिला म्हटलं, मोठ्याने बोल.

मग दादाने सदऱ्याच्या खिशातून घडी केलेलं पान काढलं. "हे जरा एकदा—" म्हणाला. माझं डोकंच फिरलं. ज्या रोगासाठी मी घरात शिरताना बूट धुते, तो हा खिशात घेऊन फिरतो! "जाळा ते आधी," मी ओरडले. "खिशात रोग घेऊन आलाय हा तेवीस घरांत!" सबुरींनी घाबरून पान त्याच्या हातातून घेतलं आणि बाहेर नेऊन खरंच काडी लावली.

हात वर करून मत घेतलं. सोळा जण माझ्या बाजूने. दादा बराच वेळ रिकाम्या हाताकडे बघत होता. "नांगरतो," म्हणाला. एवढंच.

जिंकले. जेवण गेलं नाही. बैठकीच्या दगदगीनेच असेल.

१४ जून

सकाळपासून पलीकडे ट्रॅक्टर. पुरुषभर उंच हिरवा मका आडवा पडताना आवाज वेगळाच येतो. खिडकी लावून घेतली.

१५ जून

वादळ झालं. ताटं वाकली, मोडलं एकही नाही. माझं बी आहे ते!

२० जून

अहवाल नाही. फोन केला, "कामं साचलीत." कामं म्हणे! गाई मात्र हंबरतायत. वहिनी कुठून कुठून सुका कडबा आणते, डोक्यावर. आज मला बघून तिने वाट बदलली. मी काय चुकीचं केलं? कोणीतरी कठोर व्हायलाच हवं होतं. सगळ्यांनी सबुरीने घेतलं तर पिकं कोण वाचवणार?

२५ जून

बारा ओळींत रेघा.

पहिल्या ओळीत पाच ताटं, चौथीत तीन, अकरावीत दोन. प्रत्येक पान उजेडासमोर धरलं. पिवळ्याधमक, आरपार, वेड्यावाकड्या. अकरावीत! म्हणजे दादाच्या बाजूने नाही, पार दुसऱ्या टोकाला. पलीकडे एक पान उभं नाही, काळी माती आहे नुसती. मग आला कुठून? मला कोणीतरी सांगा कुठून आला!

आठ वर्षं गेली. रडले, आणि रडतानाही राग येत होता, कोणावर ते कळत नव्हतं.

२६ जून

प्रयोगशाळेतल्या बाईला फोन. आज आधी तिला झापायचं ठरवलं होतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुमच्या स्वतःच्या रानात गेल्या हंगामात काय होतं?"

"मकाच."

"आणि त्याची धाटं?"

धाटं मी कधीच गाडत नाही. ओळींच्या मधे पसरते, ओल टिकते, तण कमी येतं. दोन शेतीशाळांत मी हे शिकवलंय, फळ्यावर चित्र काढून. लोक वह्यांत उतरवून घेतात. दादा मात्र दर वर्षी आपली धाटं खोल नांगरून गाडतो. तेव्हा मीच हसायचे त्याला, डिझेल फुकट घालवतो म्हणून.

फोनवर म्हटलं, आवाज तुटतोय. आणि ठेवून दिला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

२७ जून

सबुरींना कळवलं. या वर्षी बी नाही. पुढच्या वर्षी माझ्या रानात मकाही नाही, घेवडा लावणार. धाटं खोल गाडणार. ते म्हणाले, "वाईट वाटलं हो. पण तुझ्या भावाने वेळेवर नांगरलं नसतं तर याहून जास्त झालं असतं."

काल काय कळलं ते मी त्यांना सांगितलं नाही. लाज वाटते लिहायला.

२८ जून

अहवाल आला. माझा — जिवाणू. दादाचा — साधा बुरशीचा करपा, जिवाणू नाहीत. खाली लिहिलंय, एका फवारणीत आटोक्यात येतो.

कागद घेऊन बांध ओलांडला. दादा गोठ्यात होता. वाचून त्याने कागद परत दिला. "ठाऊक होतं. तुला बांधावरून पाहून मीही पान उजेडासमोर धरलं होतं. कडा सरळ होत्या. तेच पान आणलं होतं बैठकीत."

"मग नांगरलंस कशाला? सांगायचं नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं.