साध्या पाण्याची टाकी

३ मार्च
नोकरी लागली. ताईच्या कॉलेजात, माशांच्या लॅबमध्ये. टाक्या धुवायच्या, माशांना खायला घालायचं. लोक उन्हासाठी सनस्क्रीन फासतात, ते शेवटी पाण्यात जातं, त्याने माशांचं आणि त्यांच्या पिल्लांचं काय होतं, यावर ताईचं संशोधन. तीन वर्षं हेच चाललंय. टाक्या दोन. एकीत सनस्क्रीनमधलं केमिकल, दुसरीत तुलनेसाठी साधं पाणी. ताईने बजावलं, ग्लोव्ह्जशिवाय पाण्यात हात घालायचा नाही.
संकल्प: इथे एकही खोडी नाही.

४ मार्च
ग्लोव्ह फुगवला की हुबेहूब ताईचे सर दिसतात. टक्कल आणि वर पाच शेंड्या. सहा टांगले. ताई हसली नाही. पण लॅबमध्ये वातावरण हलकं ठेवणं हेही कामच की.

११ मार्च
ग्लोव्ह्जचा खोका संपला. फुग्यांमुळे नाही. म्हणजे फक्त फुग्यांमुळे नाही. ताईकडे मागितले तर कारण विचारेल. शेवटची जोडी केमिकलच्या टाकीसाठी राखून ठेवली. साध्या पाण्यात काय, नुसता हात चालतो. मला वाटतं तेवढा बेजबाबदार मी नाही.

१९ मार्च
साध्या टाकीतले मासे बोटाला येऊन टोचतात. रोज शेकहँड करतो. एका जाडीला मावशी नाव ठेवलंय. सायकलवर नाक सोलवटतं, म्हणून सनस्क्रीन आणलं. तोंडाला, मग कोपरापर्यंत हातांना. एकदम हिरो.

२ एप्रिल
पिल्लं निघाली. केमिकलच्या टाकीतली वाकडी, ते ताईला माहीतच होतं. पण साध्या पाण्यातलीही वाकडी. पाठीला बाक, एका कुशीवर गोल गोल फिरतात. ताईने तीनदा मोजली. सर सगळ्यांदेखत तिला म्हणाले, लेबलं बदलली असशील, लक्ष कुठे असतं तुझं. संशोधन पुढे चालू ठेवायचं का, हे अकरा तारखेला समिती ठरवणार.
नळाचं पाणी खराब असेल. नळाचं काय सांगता येतं.

३ एप्रिल, सकाळ
ट्यूब पिळली आणि हात तसाच राहिला.

दुपार
एवढ्याशा क्रीमने काही होत नसणार. होतं, हेच तर ताई तीन वर्षं सांगतेय.
उद्या कबूल करतो.

४ एप्रिल
ताईचा मूड नव्हता.

५ एप्रिल
आज मूड बरा होता. कशाला बिघडवा.

७ एप्रिल
युक्ती सुचली. सरांच्या टेबलावर निनावी चिठ्ठी. 'साध्या टाकीत कुणीतरी सनस्क्रीनचा हात घातला. ताईंची चूक नाही. एक हितचिंतक.' डाव्या हाताने लिहिली. बाप ओळखणार नाही.

८ एप्रिल
सरांनी चिठ्ठी ताईला दिली. तिने ती खिडकीपाशी उजेडात धरली. मधोमध अंगठ्याएवढा तेलकट डाग.
"हात दाखव."
दाखवले. तिने वास घेतला.
"कधीपासून?"
"एकोणीस मार्च." रोजनिशीचा एवढाच उपयोग झाला.
दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुझ्या सगळ्या खोड्या मी माझ्या नावावर घेत आले रे. ही कशी घेऊ?"

११ एप्रिल
आज सगळं अंगावर घ्यायचं ठरवलं. चार मिनिटांचं भाषण पाठ. सरळ सरांच्या केबिनमध्ये शिरलो. म्हणालो, सर, दोष माझा.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. तू कोण, विचारलं.
टाक्या धुतो म्हणालो.
मग धू, म्हणाले. ताईने सकाळीच समितीला सांगून टाकलं होतं, मदतनिसाला शिकवण्यात मीच कमी पडले. संशोधन बंद पडता पडता वाचलं. पण सगळं पहिल्यापासून करायचं. आणखी एक वर्ष.
भाषण तोंडातच राहिलं.

१२ एप्रिल
कोपरापर्यंत हात धुतले. चारदा. ताईने ग्लोव्ह्जचा नवा खोका समोर ठेवला. साध्या पाण्यातली वाकडी पिल्लं मोजायला बसवलं. काचेवर बोट टेकवलं तर एक पिल्लू गोल गोल फिरत जवळ यायला लागलं. मावशीचंच असणार. बोट काढून घेतलं.
संकल्प लिहायला वही उघडली होती.
वाकडी पिल्लं: त्रेसष्ट.