सीमांतपूजनाला मी उठले नाही

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी १९८३

प्रिय प्रमो,

राजारामपुरीतून कसबा बावड्याला, गावातल्या गावात, पोस्टाने पत्र पाठवणारी मी पहिलीच बाई असेन. पण के.एम.टी.च्या बसची पायरी आता मला चढवत नाही, आणि रिक्षा करून आले तर तू दार उघडशील की नाही, याची खात्री नाही. पत्र निदान दाराच्या फटीतून आत तरी येतं. वाचायचं की नाही ते तू ठरव.

नऊ महिने झाले आपण बोललो नाही त्याला. पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीत एवढा अबोला कधी झाला नव्हता. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये तू माझी शाईची दौत फोडलीस तेव्हाही अडीच दिवसच टिकला होता, आणि तोही तू माझी वेणी घालायला बसलीस म्हणून सुटला. परवा त्याचीच आठवण झाली. हल्ली तानाबाई माझी वेणी घालते. सकाळी धुणंभांडी करायला येते, तेव्हा आधी मला पुढ्यात घेऊन बसते आणि बडबडते, "बाईसाब, हात काय रुसल्यात व्हय तुमचं? केसापतूर जाईनात ते!" रुसलेतच. कोपर टेबलावर टेकवलं की हे बघ, अक्षर अजून मदरनी शिकवलं तसंच येतं. पण फडताळावरचा चहाचा डबा काढायचा म्हटलं, की हात खांद्यातून ढिले पडतात. डबा खाली आणून ठेवलाय. कपबशीही. घर हळूहळू माझ्या कमरेच्या उंचीवर आलंय.

नंदिनीची पत्रं येतात. भिलाईत माझ्या नृसिंहाला क्वार्टर मिळालं, तिने अंगणात अळू लावलं, हे तुलाही तिने कळवलं असेल. गुणी मुलगी आहे तुझी. दर पत्रात शेवटी लिहिते, "आईकडे जाऊन आलात का?" मी उत्तरात अळूबद्दल लिहिते.

तुला ईस्टरच्या आधीचा तो गुरुवार आठवतो? आपण सातवीत होतो. येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले तसे मदर सुपीरियर चॅपेलमध्ये गुडघे टेकून बारा मुलींचे पाय धूत होत्या, आणि बारांत तू होतीस. तुला गुदगुल्या झाल्या आणि तू फिस्सकन हसलीस. मदरही हसल्या, पण पाय सोडला नाही. पुढे मे महिन्यात तुझ्या मावसबहिणीच्या लग्नाला मला बेळगावहून तुमच्याकडे आणलंस. तिथे सीमांतपूजनाला तुझी मावशी, एवढी शाळामास्तरीण बाई, परातीत वरमायचे पाय धूत होती आणि वरमाय इकडेतिकडे बघत विडा चघळत होती. रात्रभर तू धुसफुसत होतीस. "तिकडे मोठी बाई वाकते, इकडे मुलीची आई वाकते," असं म्हणालीस. तेव्हा आपण शपथ घेतली, की आपण विहिणी झालो तर कुणी कुणाचे पाय धुवायचे नाहीत. गळाभेट घ्यायची आणि एकमेकींना गजरा माळायचा. तेरा वर्षांच्या पोरींची शपथ, पण नृसिंह-नंदिनीचं ठरलं तेव्हा तू पहिलं वाक्य हेच बोललीस, "श्यामू, गजरा मी आणणार."

आणि तू आणलास. अबोलीचा. तो तुझ्या हातात होता ते मला दिसत होतं.

त्या संध्याकाळी कार्यालयात माझ्या बाजूने काय झालं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. दिवसभराच्या दगदगीने पाय भरून आले म्हणून मी तो बुटका चौरंग ओढून बसले. तू हात पसरून समोर आलीस. मी उठायला गेले आणि मांड्यांत काही नव्हतंच. कापूस. दुसऱ्यांदा जोर केला, तरी जागची हलले नाही. तू थांबलीस. सगळे थांबले. आमच्या कोडोलीच्या आक्का, माझ्या थोरल्या नणंदबाई, त्यांचा आवाज तुला ठाऊक आहे, त्या मांडवभर ओरडल्या, "अगं, वरमाय केव्हाची बसलीय की! पाय पुढं केलेत आणि तुम्ही बघताय काय? परात आणा!" त्यावर कुणीतरी मागून म्हणालं, "शिकलेली हाय, पर वरमाय ती वरमायच!" आणि बायका हसल्या. माझ्या डोळ्यांवर काळा गॉगल. कार्यालयाच्या छताखाली गॉगल घालून बसलेली वरमाय! मी तुझ्या जागी असते तर मलाही तो माज वाटला असता.

परात आली. तू गजरा बाजूच्या ताटात ठेवलास आणि वाकलीस. टॉवेलने पाय पुसताना तू इंग्रजीत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणालीस, की मदर बरी होती, ती स्वतः वाकायची.

"हात दे," एवढे दोन शब्द मी बोलायला हवे होते. ते का बोलले नाही, तेच सांगायचंय. लग्नाच्या तीन महिने आधीपासून माझ्या बोटांच्या पेरांवर लालसर, खरखरीत चट्टे उठले होते आणि पापण्या जांभळ्या पडल्या होत्या. ऊन लागलं की आग व्हायची. म्हणून गॉगल, म्हणून भर मेमध्ये लांब हाताचं पोलकं. बस्त्याच्या दिवशी शालू उलगडताना तुझ्या जावेने माझे हात पाहिले आणि शेजारणीच्या कानाला लागली, "रक्तपिती तर नव्हं?" तो शब्द मी ऐकला. महारोग म्हटलं की पुढे काय होतं, ते तुला सांगायला नको. लग्न मोडलं असतं, नंदिनीचं नाव बदनाम झालं असतं. मी हात पदराखाली घेतले आणि ठरवलं, अक्षता पडेपर्यंत कुणाला काही कळू द्यायचं नाही. तुलाही नाही, कारण तुला कळलं असतं तर तू मला आधी डॉक्टरकडे नेलं असतंस. मी तिथेच जायला भीत होते. तो शब्द डॉक्टरच्या तोंडून आला तर काय करायचं?

लग्नानंतर मुलं गेली, घर रिकामं झालं, आणि भीती तेवढी राहिली. तुझ्याकडे यावंसं रोज वाटायचं. पण तुला काय सांगायचं आणि काय लपवायचं ते जुळेना. असे महिने गेले. दिवाळीनंतर एका सकाळी न्हाणीघरात बसले ती उठता येईना. तीन तास ओल्या फरशीवर होते. तानाबाई आली, तिने काखेत हात घालून मला उभं केलं आणि म्हणाली, "आता डाक्टरला दावता का मी बावड्याच्या बाईंना बोलवू?" मी डॉक्टरला दाखवते म्हटलं. बघ, मी तुला किती भीत होते.

मिरजेच्या पोरसवदा डॉक्टरांनी माझे हात उजेडाकडे धरले आणि म्हणाले, "रक्तपिती? कोण म्हणतं?" प्रमो, मी त्या परक्या मुलासमोर रडले. मांडीच्या स्नायूचा कणभर तुकडा काढून त्यांनी तपासायला पाठवला. स्नायूंना सूज होती, त्या जांभळ्या पापण्याही त्याच आजाराच्या. गोळ्या सुरू झाल्या. तोंड आता भाकरीसारखं गोल दिसतं, तू बघितलंस तर हसशील. मला वाटलं, संपलं. पण डॉक्टर भलतंच विचारत राहिले, वजन उतरलं का, पोट जड वाटतं का. माझ्या वयाच्या बाईला हा आजार झाला की आणखी शोधावं लागतं, म्हणाले. मग त्यांनी मला डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

त्यांच्या हाताला गाठ लागली. बीजाशयात आहे, कॅन्सरची. पुढच्या महिन्यात, तीन तारखेला, मिरजेला ऑपरेशन आहे. मी त्या डॉक्टर मुलाला विचारलं, गाठ पोटात आणि हातपाय का गेले? तो म्हणाला, शरीराचे शिपाई गाठ ओळखतात, तिच्यात शिरून लढतात. कधी त्या लढाईत ते असे बिथरतात, की आपलेच स्नायू त्यांना शत्रूचे वाटतात. काही जणांचा असा अंदाज आहे, पक्कं अजून कुणालाच माहीत नाही. गाठ निघाली तर हातपाय थोडे परत येतीलही. येताना कंडक्टरने मला एस.टी.त वर ओढून घेतलं, आणि वाटभर मी तेच धरून बसले होते. मी गॉगल लावून सगळ्यांपासून लपत होते, तेव्हा आत कुणीतरी माझ्यासाठी एकटंच लढत होतं आणि त्याला आपलंच माणूस ओळखू येईना.

नंदिनीला सातवा लागलाय, म्हणून भिलाईला मी काही कळवलेलं नाही. ते कधी आणि कसं कळवायचं, ते तू ठरव. इस्पितळात फॉर्मवर जवळच्या माणसाचं नाव लिहायचं होतं. हे गेल्यापासून त्या रकान्यात मी नृसिंहाचंच नाव घालत आलेय. या खेपेला तुझं लिहिलं. कारकून म्हणाला, "विहीण? विहीण कशी चालंल, बाई? रक्ताचं कोण न्हाय व्हय?" मी म्हटलं, हेच नाव ठेवा, ती येईल. येशील ना? अठ्ठावीसला दुपारी मला निघायचंय. मी बाहेरच्या खोलीत बुटक्या वेताच्या खुर्चीवर बसलेली असेन, आणि तू आत आलीस तरी मला उठता येणार नाही. या वेळी उभी राहून वाट बघू नकोस. माझ्या काखेत हात घाल आणि मला उभी कर. मग आपली राहिलेली भेट होऊ दे.

अजून तुझीच,
श्यामू