स्पिंडलला बांधलेली माळ

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

उद्यमनगर, कोल्हापूर
दि. ८ सप्टेंबर २००३

चि. सौंदर्या हिस, थोरला काका म्हणजे दोड्डप्पा रुद्रय्याचे अ. आ. वि. वि. इकडे सर्व क्षेम आहे, तुझ्या दोड्डव्वाचे, माझ्या रत्नव्वाचे, गुडघे सोडले तर.

बातमी अशी, की आपल्या कारखान्यात लाकूड कोरणारे कॉम्प्युटरचे मशीन उभे राहिले. फौंड्रीवाले आता हाताने कोरलेल्या पॅटर्नला, म्हणजे ओतकामाच्या लाकडी नमुन्यांना, नाकं मुरडतात आणि विकतचे मशीन आपल्या आवाक्यातले नाही, म्हणून घरीच बांधले. तीन मोटारी टेबल हलवतात, वरचा स्पिंडल पाते फिरवतो. प्रिंटरची केबल असते ना, तिच्यातूनच कॉम्प्युटर सगळ्यांना हुकूम सोडतो. वायरिंग सगळे माझे. रेडिओ आणि पिठाच्या गिरण्या उघडून शिकलेला माणूस मी, तरी पहिल्या दणक्यात चालले की! रत्नव्वा म्हणते, पॅनेल उघडला की शेवया वाळत घातल्यागत दिसतंय.

एक मात्र उमगत नाही. सकाळी कॉम्प्युटर चालू केला की कुणी न सांगता स्पिंडल गर्रकन फिरतो आणि आपला आपण थांबतो. मी म्हणतो, जांभई देत असेल. तू पुण्यात असल्याच मशीनांची दुखणी काढतेस, तर औषध कळव.

माया आहेच, तिला गंज चढू देऊ नये.

तुझा दोड्डप्पा
रुद्रय्या

चिंचवड, पुणे
दि. १५ सप्टेंबर २००३

ती. दोड्डप्पा व ती. दोड्डव्वा यांसी, सौंदर्याचे कृ. सा. न. वि. वि.

तुमची जांभई वाचली आणि हातातला चहा पत्रावर सांडला. दोड्डप्पा, ती जांभई नव्हे! कॉम्प्युटर जागा होताना त्या केबलीतल्या तारा काही क्षण आपोआप चालू होतात. पलीकडे प्रिंटर आहे की पाते, हे त्याला कुठले ठाऊक? आमच्याकडे असे काही दिसले तर सगळे काम थांबवतात, आणि तुम्ही रोज सकाळी शेजारी उभे राहून कौतुक बघता!

स्पिंडलच्या लाइनीवर आजच्या आज वेगळी कळ बसवा. कॉम्प्युटर पुरता उठला, की मगच ती चालू करायची. काम संपले की आधी ती बंद. दोड्डव्वाला त्या शेवयांच्या जवळही फिरकू देऊ नका. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असे तुम्हीच मला लहानपणी ऐकवायचात, म्हणून आज परत करते. रागावू नका.

उत्तर लगेच पाठवा, म्हणजे मला झोप लागेल.

तुमची
सौंदर्या

॥ श्री ॥

कोल्हापूर
दि. ७ ऑक्टोबर २००३

चि. सौंदर्यास अ. आ.

पोरी, अक्षर लावून घे. तुझ्या वडिलांना फोनवर नुसते म्हटले, की रत्नव्वाच्या हाताला लागले आहे. तुला खरे लिहितो.

कळ मी बसवली होती. रोज तू सांगितल्याप्रमाणेच करत होतो. शनिवारी खंडेनवमी, हत्यारांची पूजा, त्या दिवशी मशीनला विश्रांती. सगळे बंद करून, मशीन पुसून, विभूती ओढून मी बेल आणायला गेलो. रत्नव्वाच्या माहेरी तेलाचा घाणा होता, ते तुला माहीतच आहे. तिकडची रीत अशी, की पूजेला सगळ्या कळा चालू पाहिजेत. बंद कळेला कुंकू लावणे म्हणजे धंदा बंद पाडणे. तिने पॅनेलवरची एकेक कळ वर केली आणि कुंकू लावले. कॉम्प्युटर बंद, त्यामुळे स्पिंडल गप्पच. मशीन चालू आहे असे दिसावे तरी कशावरून?

मी आलो तेव्हा ती स्पिंडलला झेंडूची माळ बांधत होती. सुतळीचा वेढा बोटाला घेऊन गाठ आवळत होती. पडद्यावर बसवण्णांचे चित्र लावतो, असे म्हणत मी कॉम्प्युटरचे बटण दाबले.

सौंदर्या, मी दाबले.

पाकळ्या छतापर्यंत उडाल्या. समोरची भिंत केशरी झाली आणि त्यातले लाल कुठले, ते मला कळेना. ती ओरडली नाही. मीच ओरडत होतो म्हणे. शेजारच्या वर्कशॉपातला बाळासो धावत आला आणि त्याने मेन स्विच पाडला. तोवर स्पिंडल थांबलाही होता. सगळे वायरिंग ज्याने केले, त्याला मेन स्विच आठवला नाही.

उजव्या हाताची दोन बोटे शिवली आहेत. रक्त पोचले तर राहतील, नाहीतर काढावी लागतील, असे डॉक्टर म्हणतात. ती मलाच धीर देते. मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही. मशीन भंगारात घालतो आहे.

जमेल तशी निघून ये.

दोड्डप्पा

कोल्हापूर
दि. १६ नोव्हेंबर २००३

चि. सौंदर्यास दोड्डव्वा रत्नव्वाचे पोटभर आशीर्वाद. हे पत्र डाव्या हाताने लिहिते, म्हणून अक्षरं मुंग्यांसारखी पळत्यात. हसू नको.

एक बोट राहिलं, एक गेलं, ते तू डोळ्यांनी बघून गेलीस. माझं आता बरं हाय. दुखणं खरं ह्यांचंच होतं. तू पुण्याला गेल्यावरही हे कारखान्याची पायरी चढले न्हाईत. मला पेरू चिरून द्यायचे, वेणी घालायला बसायचे. साठीच्या बाईची वेणी, तीही वाकडी! भंगारवाला टेम्पो घेऊन आला, त्याला चहा पाजून मीच वाटेला लावला. म्हटलं, पावणं, बोट माझं गेलंय, मशीन विकायचं का न्हाय ते मी ठरवणार.

मग गुरुवारी ह्यांना हाताला धरून आत नेलं. तू येऊन बसवलेलं हिरवं बटण दाबल्याशिवाय स्पिंडलला आता वीजच जात न्हाय, कळा चालू राहिल्या तरी. हे ह्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी कॉम्प्युटरजवळ गेल्यावर बोट पुढं जाईना. घाम फुटला, ओठ पांढरे पडले. मला म्हणाले, लांब हो. मी भिंतीला टेकले. म्हणाले, हात दाखव. मी दोन्ही हात वर केले. हे एकेक बोट मोजायला लागले, मोठ्यानं, लहान पोरानं मोजावं तसं. नऊ म्हणताना अडखळले, तिथंच खाली बसले आणि रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी हात वर धरूनच उभी होते, खाली घ्यायचं मला सुचलंच न्हाय.

मग उठून कॉम्प्युटरचं बटण दाबलं. स्पिंडल हलला न्हाय.

आता रोजचीच रीत पडली. मी भिंतीला टेकून हात वर करते, हे मोजतात, मग कॉम्प्युटर. बाळासो आला तर त्यालाही उभा करतात, तो दहा भरतो म्हणून मला चिडवतो. काल ह्यांनी पहिल्यांदा न अडखळता नऊ म्हटलं.

जिवाला जप, आणि आम्हा म्हाताऱ्यांना मायेत ठेव.

तुझी दोड्डव्वा
रत्नव्वा