चुकांच्या टेबलाचा वारसा

मी, काकांच्या छत्री कारखान्यातली मनुष्यबळ अधिकारी, वय सत्तावीस, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणीही दमदाटी केलेली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. उद्या माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. सहसा काही होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ‘सहसा’ ते दोनदा म्हणाले.

१. माझी सायकल धाकट्या बहिणीला. ती आजही तीच वापरते. यापुढे विचारून वापरल्यासारखं होईल.

२. आत्याने विणलेले चारही स्वेटर आत्यालाच परत. ते टोचतात, हे जिवंतपणी सांगायचा धीर झाला नाही.

३. मुख्य मिळकत, म्हणजे शिलाई विभागातलं टेबल. ते माझ्या अभ्यासाचं, घरून आणलेलं, म्हणून देण्याचा हक्क माझा. ज्याच्या हातून छत्री बिघडेल त्याने ती तिथे ठेवावी, त्याला कुणी बोलणार नाही, असा नियम मी दोन वर्षांपूर्वी केला. खरं तर तो आईचा. आमच्याकडे कप फोडून कबूल केलं की ओरडा बसत नसे. काकांकडे बसायचा, म्हणून त्यांच्या कपाटामागे फुटक्या बशा सापडायच्या. कारखान्यातही बिघडलेल्या छत्र्या चांगल्यांच्या गठ्ठ्यात लपायच्या आणि थेट गिऱ्हाइकाच्या डोक्यावर उलट्या व्हायच्या. पहिल्या आठवड्यात टेबलावर एकसष्ट छत्र्या आल्या. काकांनी हाय खाल्ली. पण त्यांतल्या चाळीस एकाच मशीनवरच्या निघाल्या. सुई वाकडी होती. आता आठवड्याला चार येतात आणि दुकानांतून एकही परत येत नाही.

तरी काका म्हणतात, माणसं लाडावतील, तू दवाखान्यात गेलीस की टेबल उचलतो. म्हणून ते शिलाईवाल्या मावशींच्या नावे करते. पहिली छत्री त्यांनीच ठेवली होती, डोळे मिटून.

४. काकांना काहीही नाही. राग नाही. साक्षीदाराला मिळकत देऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या, आणि साक्षीदार मला काकाच हवेत.

पुरवणी: सहीआधी काकांनी हे सगळं मोठ्याने वाचलं. बशांपाशी खाकरले. शेवटी अडले, कारण मी तारखेत गेलं वर्ष लिहिलं होतं. ओरडण्याआधी त्यांचे कान लाल होतात, तसे झाले. मी वाट पाहिली. त्यांनी पेन माझ्यापुढे केलं.

“खोड, नीट लिही, बाजूला सही कर. आणि लवकर ये परत. टेबल आहे तिथेच राहील.”

साक्षीदार: १. काका (सही) २. गोदामवाले दादा (सही)
लिहून देणार: मी (सही)
ठिकाण: कारखान्याचं ऑफिस
तारीख: चौदा जून, चालू वर्ष. खाडाखोड माझीच. कुणी ओरडलं नाही.