रॉकीचं घर अजून ओलं आहे

भुशी, लोणावळा
१४ जुलै २०२५

चि. प्रज्ञेश,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत, तूही पुण्यात बरा असशील असं धरून चालते. पत्र बघून हसू नकोस. फोन केला तर तू कानात ती बोंडं घालून "हं, हं" करतोस आणि मागून लॅपटॉपची टकटक ऐकू येते. शेजारची प्रतीक्षा रोज कॉलेजला पुण्याला जाते, तिच्या हाती हे देते आहे. निदान कागद तरी पूर्ण वाचशील.

काल तू आलास त्याला येणं म्हणायचं का, सांग. अर्धा रविवार धरणावर निघालेल्या गाड्यांच्या रांगेत गेला, उरलेला रॉकीच्या काचेच्या पेटीसमोर. त्याला कोमट पाण्यात बसवलंस, दिवा बदललास, पेटी पुसलीस, त्याच्या खायच्या अळ्या माझ्या फ्रीजमध्ये लोण्याच्या शेजारी ठेवल्यास आणि निघालास. तू त्याला ड्रॅगन म्हण की आणखी काही, मला तो काटेरी सरडाच दिसतो. त्याची सरकारदरबारी नोंदणी आहे म्हणून मी गप्प आहे, नाहीतर कधीच हाकलला असता.

आता त्याच्या नव्या घराबद्दल. बाबांनी प्लायवूड कापून सांगाडा छान केला आहे, त्यात दुमत नाही. पुढे सरकती काच, बाजूला हवेची भोकं, सगळं तुझ्या मापाने. पण रंगाचं तू त्यांना तोंडी सांगितलंस, तिथेच फसलं. शनिवारी मी बाजारातून आले तर घरभर वास. बघते तर आतल्या तिन्ही बाजू निळ्याशार! एप्रिलमध्ये जयंतीला आळीतल्या सगळ्यांनी दारं रंगवली, तेव्हाचा उरलेला ऑइल पेंट माळ्यावर होता, तोच काढला.

मी म्हटलं, "अहो, आत ऑइल पेंट नाही लावायचा. वर दिवा तापला की वास सुटेल, मरेल तो."

तर म्हणतात, "इतकी वर्सं दारं रंगवतोय, आपण मेलो का?"

"आपण दाराच्या आत कोंडून बसतो का दिव्याखाली?"

दुसऱ्या दिवशी तू आलास, नुसतं नाक मुरडलंस आणि "सगळं घासून काढावं लागेल" म्हणालास. आणि निघताना चप्पल घालता घालता म्हणालास, "एकदा ह्याचं घर झालं की मी ह्याला घेऊन जातो, मग दर रविवारी इकडे यायची कटकट नाही."

बाबा आत होते. त्यांनी ऐकलं असेल. असो, ते कुठे असलं मनावर घेतात.

आज सकाळपासून ते तोंडाला फडकं बांधून ओटीवर पॉलिश पेपर घासत बसले आहेत. निळी धूळ माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. पाण्याचा रंग कुठला आणायचा ते नीट लिहून पाठव. सुकटीची चटणी दिली होती ती खा, फेकू नकोस.

तुझी
आई


भुशी
१२ ऑगस्ट २०२५

चि. प्रज्ञेश,

जयभीम. तू दर रविवारी विचारतोस, "झालं का घर?" आणि मी दर रविवारी सांगते, "अजून ओलं आहे." आता मलाच सांगायची लाज वाटायला लागली.

तू सांगितलेला बिनवासाचा, पाण्याचा रंग आणला. आधी प्रायमर, मग तो रंग, मग वरून तो दुधासारखा दिसणारा आणि वाळल्यावर काचेसारखा होणारा लेप. प्रत्येक हातानंतर हलकं घासून, पुसून. बाबांनी सगळं केलं. रेल्वेत होते तेव्हा रुळाच्या कामातसुद्धा इतके जपून नसतील. तरी वाळत नाही म्हणजे काय? मी दुकानदाराला फोन करून झापलं. तो म्हणतो, "मावशी, ह्याचा एक हात चार तासांत वाळतो. मग वास जायला थोडे आठवडे ठेवा, झालं." मी म्हटलं, "दादा, भुशीला या एकदा पावसाळ्यात. इथे धुकं खिडकीतून आत येऊन पलंगावर बसतं, माझे टॉवेल आठ आठ दिवस वाळत नाहीत, रंग काय वाळतोय?" तो बिचारा हो हो म्हणाला.

बाबा रोज सकाळी चहाच्या आधी रॉकीच्या घरावर अंगठा दाबतात आणि म्हणतात, "वल हाय अजून." अंगठ्याचा ठसा उमटतो, मग तो पुसायला आणखी एक हात. ह्या माणसाला कुणी सांगावं, अंगठा दाबू नका म्हणून! मी कालच त्यांच्यावर ओरडले. ते हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

एक सांगायचं राहिलं. रॉकी जुन्या पेटीत आता मावत नाही. काचेला नाक घासत असतो, एकसारखा. मी भोपळा दिला, शेवग्याचा पाला दिला, तेवढ्यापुरता थांबतो. बाबा त्याला "पाव्हणं" म्हणतात आणि पेटीसमोर स्टूल टाकून बसतात. तुझ्याशी जितकं बोलले नसतील तितकं त्याच्याशी बोलतात. काय बोलतात ते मी ऐकत नाही, मला कामं आहेत.

ह्या रविवारी टेंपो सांगू नकोस. फुकट हेलपाटा होईल.

तुझी
वैतागलेली आई


भुशी
१५ सप्टेंबर २०२५

प्रज्ञेश,

जयभीम. काल तू आलास तेव्हा सांगणार होते. बाबा समोर होते, जमलं नाही. म्हणून लिहिते.

रंगाचा काही दोष नव्हता. धुक्याचाही नव्हता. मी उगाच त्या दुकानदाराला बोलले.

विहारात संध्याकाळी वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे. ऑगस्टच्या शेवटी एक दिवस वीज गेली म्हणून वाचन लवकर संपलं आणि मी घरी आले. बाबा ओटीवर मेणबत्ती लावून उकिडवे बसलेले, हातात ब्रश. रॉकीच्या घराच्या मागच्या बाजूला लेप देत होते. त्या बाजूला मी सकाळीच हात फिरवून बघितला होता, कडकडीत वाळलेली. त्यावर परत हात.

"हे काय?" मी म्हटलं.

"शेवटचा हात."

"शेवटचा अजून किती वेळा?"

ब्रश डब्याच्या काठाला निरपत राहिले. मग म्हणाले, "वाळलं की त्यो घिऊन जाईल. मंग कशाला येतोय हितं?"

मी तोंड उघडलं होतं ओरडायला. इतके आठवडे माझं डोकं उठवलंत, माझ्या घरात तो वास, तो पसारा, हे सगळं ओठावर होतं. "ब्रश धुऊन ठेवा, नाहीतर कडक होतो," एवढंच म्हटलं आणि आत गेले.

तू म्हणशील, आई, मग तेव्हाच मला का नाही कळवलंस? कळवणारच होते. दोन दिवसांनी तू शिकवलंस तसं केलं. घराची काच दिवसभर बंद ठेवली, संध्याकाळी उघडून आत डोकं घालून वास घेतला. नुसता लाकडाचा वास. म्हणजे झालं होतं. फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं, आणि परत ठेवला. मग मी काय केलं माहीत आहे? बाबा दुकानात गेले होते. मी ब्रश घेतला आणि बाहेरच्या बाजूला स्वतः एक हात दिला. चांगला दाट. संध्याकाळी बाबांनी अंगठा दाबला, ठसा उमटला, माझ्याकडे बघितलं आणि "वल हाय अजून" म्हणाले. मी "हो का" म्हटलं.

आम्ही दोघं अशी शहाणी माणसं.

त्यानंतर चारएक दिवसांनी रॉकीला पाण्यात बसवताना बघितलं, तर त्याच्या नाकावरचं कातडं निघालं होतं. काच घासून घासून. मुका जीव, आमच्यापायी. मला इतका राग आला, प्रज्ञेश! बाबांचा नाही. तुझा आला. एवढा शिकलेला मुलगा, आणि आपल्या दारात उभा राहून "कटकट" म्हणतोस. तुला ते सहज गेलं, मला ठाऊक आहे. पण त्या माणसाने तो शब्द रोज ब्रश घेऊन झाकला आणि मी त्याला मदत केली. बोलायचं कुणालाच जमलं नाही. दर रविवारी तू सरड्याची चौकशी केलीस, त्यांनी रंगाचं सांगितलं, झाला रविवार.

मी त्याच दिवशी रंगाचे डबे उचलून प्रतीक्षाच्या आईकडे देऊन टाकले. माझा लेप पुरता वाळू दिला, परत वास घेऊन बघितला, दिवा दिवसभर जाळून बघितला. आज सकाळी रॉकीला आत सोडला. जरा वेळ कोपऱ्यात बसला, मग फांदीवर चढला आणि दिव्याखाली पोट पसरून डोळे मिटले. नाकाला तू सांगितलेलं मलम लावते आहे, खपली धरली आहे. बाबा स्टुलावर बसून बघत होते. मग उठले, पेचकस घेतला आणि घराच्या दोन्ही बाजूंना जाड कड्या बसवल्या. उचलायला सोपं पडावं म्हणून.

तर आता ऐक. येत्या रविवारी टेंपो घेऊन ये. घाटाकडच्या गर्दीआधी, सकाळी लवकर. दिवा काढून वेगळा गुंडाळ, काच मधे पुठ्ठा घालून बांध. रॉकीला टेंपोत मागे ठेवू नकोस, मांडीवर घे. फ्रीजमधल्या अळ्या विसरलास तर मी फेकून देईन, खरंच सांगते.

आणि त्याच्या पुढच्या रविवारी परत ये. तेव्हा पुसायला पेटी नसेल, बदलायला दिवा नसेल, विचारायला रंग नसेल. काहीही काम नसेल. तरी ये. बाबा तुला हे कधी म्हणणार नाहीत, त्यांच्या तोंडून निघणारच नाही. म्हणून मी म्हणते आहे.

तुझ्या येण्याला कटकट न समजणारी,
आई