हिंगाच्या डबीतला तुकडा

चिंचवड,
३ नोव्हेंबर १९८१

प्रिय मृदुला,

अनेक आशीर्वाद. शेजारच्या केसरबाईंचा भीमराज कंपनीच्या कामाला मुंबईला येतोय, तो हे पत्र आणि हिंगाची डबी तुझ्या डेंटल कॉलेजात आणून देईल. आधी डबी उघड. कापसात आहे तो माझ्या पुढच्या दाताचा तुकडा, तूच तुझ्या प्रबंधातल्या नव्या मिश्रणाचा बसवलेला. येत्या सोमवारी सहा जणांच्या दातांत तेच मिश्रण भरणार असं तू लिहिलंस. ‘आईचा दात दीड वर्षं शाबूत आहे’ असं सरांनाही सांगितलंस. तो शाबूत नाही गं. ज्येष्ठातच तुटला.

तू वर्ज्य सांगितलेलं काही खाल्लं नाही. सुपारी नाही, ऊस नाही, प्रसादाचं खोबरंसुद्धा किसून. पण रोज मोरयासाठी दूर्वांची जुडी बांधते आणि दोरा दातानं तोडते, त्याच जागी. कात्रीसाठी उठायचं कोण! केसरबाई ओरडायच्या, “अवो ताई, त्यो दात हाय का अडकित्ता?” मी म्हणायची, दोराच तर आहे. आधी केसाएवढी रेघ दिसली. मग तुकडा हलायला लागला, पण पडेना. दोन दिवस लोंबकळत होता. कडेला बघ, काचेचे तंतू बाहेर आलेत. तू म्हणाली होतीस, काचेच्या पुडीनं कठीणपणा येतो आणि तंतूंनी चिवटपणा. तसंच झालं. पुडीचा भाग तडकला, तंतूंनी धरून ठेवलं. भुसा घातलेला गिलावा भेगाळला तरी भिंत सोडत नाही ना, तसं. तुझ्या यंत्रात तू नमुना एकदाच जोरानं दाबून मोडतेस म्हणे. रोज थोडं थोडं ओढून बघ. मॅट्रिक झालेल्या बाईचं एवढं ऐक.

पाच महिने गप्प का बसले, विचारशील. तुझे बाबा गेल्यापासून घरात माझ्या तोंडाकडे बघून बोलणारं कोणी नाही. दिवाळीत तू आली असतीस तर तुला दिसलं असतं. तुझी पत्रं मात्र दर आठवड्याला येत होती, दाताची चौकशी करायला. थंड लागतं का, रंग बदलला का, कळ येते का. त्याआधी वर्षाला चार यायची. मला वाटलं, दात तुटल्याचं कळवलं की चौकशी संपली, म्हणजे पत्रंही संपली. म्हणून दर वेळी ‘उत्तम आहे’ लिहीत गेले, तेही देवासमोर बसून. आता त्या खोट्यावर परक्या सहा माणसांचे दात भरले जाणार, हे मला सोसवेना. सरांना आजच सांग. तुझा प्रबंध लांबला तर दोष माझा. राग आला तर रागाचंच पत्र लिही, पण लिही.

तुझीच,
आई